आई हयात आहे, पपा गेले: दोघांसाठी देवाचे आभार कसे मानायचे?

विचारणाऱ्या ताई कॅथलिक, मूळच्या कुडाळजवळच्या, नोकरी ठाण्यात. वडील गेल्या पावसाळ्यात वारले, आई गावच्या घरात एकटी राहते. भावाच्या मनात आहे की 2 नोव्हेंबरच्या, म्हणजे सर्व मृतांच्या स्मरणदिनाच्या आत पपांच्या कबरीवर ग्रॅनाइट बसवायचा. धाकटी बहीण रत्नागिरीला प्रॉटेस्टंट घरात दिलेली. तिचे सासरचे म्हणतात, मेलेल्या माणसासाठी प्रार्थना करणं बायबलला धरून नाही. आणि ताईंचं स्वतःचं दुखणं वेगळंच आहे. त्या लिहितात, 'पपा प्यायचे, आईवर हात उचलायचे. फादर प्रवचनात म्हणाले, आपल्या प्रिय मृतांबद्दल कृतज्ञ राहा. मी कशाबद्दल कृतज्ञ राहू? आणि आईला आजवर कधी काही बोलून दाखवलं नाही, आता बोलले तर नाटकी वाटेल.'

मी वेंगुर्ले तालुक्यात धर्मशिक्षिका म्हणून काम केलं. मुलांना पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी तयार करणं हे माझं मुख्य काम. पण गावात कोणी वारलं की त्या घरी जाऊन तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सांगायचा, सातव्या दिवसाची, महिन्याची, वर्साची मिस्सा (चर्चमधली उपासना) होईपर्यंत त्या माणसांची विचारपूस ठेवायची, हेही हळूहळू माझ्याकडेच आलं. त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. भाऊ, बहीण आणि तुम्ही, तिघंही वेगवेगळ्या तोंडांनी तोच विचारताय.

तुम्ही पपांपासून सुरुवात केलीत. मी आईपासून करते.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू काही धर्मपंडितांना फार कडक शब्दांत बोलतो. त्यांच्यात एक पद्धत होती. आईवडिलांच्या उपयोगी पडेल असं जे काही आपल्याजवळ असेल ते 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेलं, असं जाहीर करायचं. एकदा तसं म्हटलं की आईवडिलांसाठी काही करायची जबाबदारी उरत नसे. येशू म्हणतो, तुमच्या या रूढीने तुम्ही देवाचं वचनच रद्द करता. प्रेषित पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला, लिहिताना हेच सांगतो की मुलानातवंडांनी आधी आपल्या घरात धर्म पाळायला शिकावं, आईवडिलांचे उपकार फेडावेत, कारण देवाला ते आवडतं. तेव्हा ग्रॅनाइटचा हिशेब नंतर करू. आईच्या घराची कौलं परतून झाली आहेत का, रात्री उठून ती न्हाणीघरात जाते तिथे दिवा आहे का, हे भावाला आधी विचारा. मृतांवरचं प्रेम दाखवण्यासाठी जिवंत माणसाच्या वाट्याचं काढून घेतलं जात असेल, तर ते कितीही भक्तीने केलं तरी येशूने ज्याला नाव ठेवलं तेच होतं.

आता बोलून दाखवण्याचं. आपल्याकडे आईला कोणी थँक्यू म्हणत नाही. म्हटलं तर तिलाच ते परकं वाटतं, 'मी काय दुकानदार आहे?' असं ती विचारेल. तुमची नाटकीपणाची भीती म्हणूनच खरी आहे. यावरचा उपाय मी पौलाच्या पत्रांत पाहिला. रोमकरांना लिहिलेल्या पत्राचा शेवटचा अध्याय लोक सहसा वाचत नाहीत, कारण त्यात नुसती नावं आहेत. पण नीट वाचा. फिबी माझ्यासकट पुष्कळांना साहाय्य करत आली. प्रिस्का आणि अक्विला यांनी माझ्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घातला. रूफसला सलाम सांगा, आणि त्याच्या आईला, जी मलाही आईच आहे. 'तुम्ही सगळे फार चांगले' एवढं म्हणून तो थांबत नाही. नाव घेतो आणि बहुतेकांच्या नावापुढे त्या माणसाची एखादी गोष्ट ठेवतो. फिलिप्पैकरांना तुरुंगातून लिहिताना तो म्हणतो की तुमची आठवण होते तेव्हा तेव्हा मी देवाचे आभार मानतो. हे तो देवापाशी मनातल्या मनात ठेवत नाही, त्या लोकांना पत्राने कळवतो. माणसासाठी आभार देवाचे मानायचे आणि मानले हे त्या माणसाच्या कानावर घालायचं, असा हा ख्रिस्ती रिवाज आहे. 'मांय, काल मिस्सेत मी तुझं नाव घेतलं. बारावीच्या वर्षी तू पहाटे उठून माझ्यासाठी चूल पेटवायचीस त्यासाठी देवाचे आभार मानले,' हे वाक्य नाटकी वाटत नाही. त्यात एक खरी पहाट आहे.

आणि एखादी खरी गोष्ट आठवत नसेल तर तिलाच विचारा. आमच्या गावातला एक मुलगा बोटीवर नोकरीला होता. घरी आला की आईसाठी ब्लँकेट, मिक्सर, मोबाइल, सगळं आणायचा, आणि म्हणायचा, 'बाई, हिला कशाचंच काही वाटत नाही.' मी त्याला म्हटलं, वस्तू राहू दे. तू सीमनच्या कोर्सला गेलास त्या वर्षी घरात काय चाललं होतं ते तिला विचार. मे महिना होता, ती पडवीत रातांबे फोडायला बसली होती. हात मनगटापर्यंत लाल, बिया एका टोपात, सालं दुसऱ्या टोपात. सालांना रस लावायचा आणि उन्हात घालायची, परत लावायचा, परत घालायची, तेव्हा कुठे सोलं, म्हणजे आमसुलं, तयार होतात. त्याने विचारलं. तिने मान वर न करता सांगितलं की फी कमी पडत होती, दोन बांगड्या मोडल्या आणि घरात सांगितलं की पाणी काढताना विहिरीत पडल्या. त्याच्या बापाने त्या उन्हाळ्यात विहिरीचा तळ धुंडाळला होता, हे त्या मुलाला आठवत होतं. का ते त्याला त्या दिवशी कळलं. तो तिथेच तिच्यासमोर खाली बसला आणि लहानपणी मागायचा तसं त्याने तिच्याकडे बेसांव, म्हणजे थोरांचा आशीर्वाद, मागितलं. तिने लाल हातानेच त्याच्या कपाळावर खूण केली.

ही रीत तुमच्याही घरात असणार. संध्याकाळचा तेर्स संपला की धाकट्यांनी एकेक करून थोरांपुढे जायचं, हात जोडून बेसांव मागायचं, थोरांनी आशीर्वाद द्यायचा. शहरात गेल्यावर तेर्सच सुटला, त्याच्याबरोबर हेही सुटलं. मला विचाराल तर आईवडिलांबद्दलची कृतज्ञता व्यक्त करायला आपल्या लोकांपाशी याहून चांगलं काही नाही. शब्द शोधावे लागत नाहीत. मागणारा वाकतो आणि कबूल करतो की मला जे मिळालं ते तुमच्याकडून आलं. देणारा देवाचं नाव घेतो आणि कबूल करतो की माझ्याकडेही ते वरूनच आलं. गावी गेलात की पहिल्याच संध्याकाळी तेर्स सांगा आणि नंतर बेसांव मागा. फोनवरही मागता येतं, दुबईला असलेली कितीतरी मुलं मागतात.

आता पपा.

तुमच्या पत्रात एक ओळ आहे, 'रडू येतं म्हणजे माझा विश्वास कमी आहे का?' योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय उघडा. लाझरस मरून चार दिवस झाले आहेत, येशू बेथानीला पोचतो, लाझरसची बहीण मरिया त्याच्या पाया पडून रडते, बरोबरचे लोक रडतात, आणि येशूही रडतो. काही ओळींनंतर कबरीवरची धोंड काढली जाते आणि तो डोळे वर करून म्हणतो की बापा, तू माझं ऐकलंस म्हणून मी तुझे आभार मानतो. लाझरस अजून बाहेर आलेला नाही. म्हणजे एकाच कबरीपाशी, एकाच माणसाने, थोड्याच वेळात अश्रूही ढाळले आणि आभारही मानले, आणि ते आभार मानताना कबरीत अजून प्रेतच होतं. दफनाच्या दिवशी कोणी तुम्हाला सांगितलं असेल, 'रडू नका, ते देवाघरी गेले,' तर त्यांचा हेतू चांगला होता, पण सल्ला बरोबर नव्हता. पौलानेही थेस्सलनीकाकरांना दुःख करू नका असं सांगितलं नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखं करू नका, एवढंच सांगितलं.

तुमची अडचण मात्र अश्रूंपेक्षा अवघड आहे. ज्याने आईला मारलं त्या बापाबद्दल कृतज्ञ कसं व्हायचं? इथे मी चर्चमधल्या गुळगुळीत बोलण्याच्या बाजूने उभी राहणार नाही. दफनाच्या वेळी प्रत्येक माणूस देवमाणूस होतो. भाषणात जे सांगितलं जातं ते आणि घरातल्यांना जे ठाऊक असतं ते, या दोन्हींत मुलांची फार ओढाताण होते. दहा आज्ञांतली चौथी आईवडिलांचा मान राखायला सांगते. त्यांच्याविषयी खोटी साक्ष द्यायला कुठलीही आज्ञा सांगत नाही, उलट आठवी ती मनाई करते.

संत ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनात आईबद्दल, मोनिकाबद्दल, किती प्रेमाने लिहिलं ते पुष्कळांना माहीत असतं. बापाबद्दल काय लिहिलं ते कमी जणांना माहीत आहे. पॅट्रिशियस मायाळू होता पण तापट होता आणि बायकोशी एकनिष्ठ नव्हता, हे मुलाने सरळ लिहून ठेवलं आहे. त्याने मोनिकावर हात उचलला नाही, हा तुमच्या घरात आणि त्या घरात मोठा फरक आहे, तो मी लपवत नाही. पण पुढचं पाहा. हे सगळं लिहून झाल्यावर ऑगस्टीन वाचणाऱ्यांना विनंती करतो की वेदीपाशी माझ्या आईची आठवण करा, आणि माझ्या बापाचीही. दोघांची नावं घेऊन तो म्हणतो की यांच्या देहातून तू मला या जगात आणलंस. बापाचा दोष त्याने खोडला नाही, आणि दोष आहे म्हणून नावही गाळलं नाही.

तुम्हीही तेवढंच करा. पपांबद्दल जे खरोखर मिळालं तेवढ्याचेच आभार माना, एका दाण्यानेही जास्त नाही. तुम्हाला आडनाव दिलं, पोहायला शिकवलं, तापात खांद्यावर घेऊन दवाखान्यात नेलं, जे असेल ते. आईला मारलं त्यासाठी 'देवाची इच्छा' म्हणून आभार मानायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. ते पाप होतं, आणि पापासाठी देवाचे आभार मानत नाहीत. माफ करणं हे याहून निराळं काम आहे, त्याला वेळ लागतो, आणि कृतज्ञतेला त्याच्यासाठी थांबून राहावं लागत नाही. मी पाहिलेल्या घरांत बहुतेक वेळा आधी एखाद्या छोट्या खऱ्या गोष्टीचे आभार निघतात आणि माफी पुष्कळ मागून येते, कधी तुकड्यातुकड्याने.

एक सांगून ठेवते. आई या नवऱ्यासाठी रडत असेल तर तिला 'त्यांनी तुला काय सुख दिलं?' असं विचारू नका. तिचं आणि त्यांचं चाळीस-पन्नास वर्षांचं काय होतं ते तिच्याकडे आहे. तिच्या अश्रूंचा हिशेब आपल्याला मागता येत नाही.

आपल्या चर्चमध्ये मृतांसाठी प्रार्थना करतात ती अशाच माणसांसाठी. बहिणीच्या सासरच्यांशी तुमचा वाद इथे येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपल्या बायबलमधल्या मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात यहुदा मक्काबी लढाईत पडलेल्या आपल्या सैनिकांना पुरायला जातो. पाहतो तर प्रत्येकाच्या कपड्याखाली मूर्तींचे ताईत, जे त्यांच्या धर्मशास्त्रात निषिद्ध होते. म्हणजे हे मेलेले लोक निर्दोष नव्हते. यहुदा त्यांना टाकून देत नाही. दोन हजार द्राख्मा चांदी गोळा करून यरुशलेमला पाठवतो, त्यांच्या पापासाठी अर्पण व्हावं म्हणून. मृतांसाठीची आपली प्रार्थना या ओळीने चालत आली आहे. गेलेला माणूस चांगला होता याचं ते प्रमाणपत्र नाही. त्याला अजून देवाच्या दयेची गरज आहे आणि ती मागायला आपण आहोत, एवढंच ती म्हणते. ज्या लेकीला बापाची स्तुती करता येत नाही तिला त्याच्यासाठी दया मागता येते. पुष्कळ जखमी माणसांना ही वाट सोपी वाटलेली मी पाहिली आहे.

प्रॉटेस्टंट मंडळींच्या बायबलमध्ये मक्काबींची पुस्तकं धर्मशास्त्र म्हणून धरत नाहीत, म्हणून हा आधार त्यांना चालत नाही. आपल्या किनाऱ्यावर रत्नागिरी, वेंगुर्ले भागात प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या अमेरिकन मिशनने काम केलं. प्रेस्बिटेरियन परंपरेचा पाया असलेल्या वेस्टमिन्स्टरच्या मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या लेखी जाहीरनाम्यात, जो 1646 मध्ये लिहून झाला, स्पष्ट म्हटलं आहे की प्रार्थना जिवंतांसाठी आणि पुढे जन्मणाऱ्यांसाठी करावी, मृतांसाठी नाही. म्हणजे तुमच्या बहिणीच्या सासरचे हट्टीपणा करत नाहीत, ते त्यांच्या शिकवणीला धरून बोलतात. पण हे इथेच संपत नाही. इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकात 1549 मध्ये मृतांसाठी प्रार्थना होती, 1552 मध्ये ती काढली, आणि 1662 मध्ये एक ओळ घातली: तुझ्या विश्वासात आणि भयात हे जीवन सोडून गेलेल्या तुझ्या सर्व सेवकांसाठी आम्ही तुझ्या नामाचा धन्यवाद करतो. मागणी मागे राहिली, आभार परत आले. इब्री लोकांस पत्र तर सगळ्यांच्याच बायबलमध्ये आहे, आणि त्यात साक्षीदारांच्या मोठ्या मेघाने आपण वेढलेले आहोत असं म्हटलं आहे. ज्यांनी तुम्हाला देवाचं वचन सांगितलं त्यांची आठवण ठेवा, असंही सांगितलं आहे.

तेव्हा बहिणीला 'पपांसाठी प्रार्थना कर' असा आग्रह धरू नका. तिच्याकडून उपकारस्तुती मागा. वर्साच्या संध्याकाळी घरच्या खुरसापाशी, म्हणजे क्रूसापाशी, जमाल तेव्हा आधी तिने 103वं स्तोत्र वाचावं. बाप मुलांवर करुणा करतो तशी परमेश्वर करतो, आपण माती आहोत हे त्याला आठवतं, असं त्यात आहे, आणि तुमच्या घराला ते जितकं लागू आहे तितकं क्वचितच कुठे असेल. ती वाचेल, तिचा नवरा प्रार्थना करून पपांच्या आयुष्यासाठी आभार मानील. मग तुम्ही लदीन, म्हणजे आपली विनवण्यांची प्रार्थना, सांगा. त्या वेळी ते शांत बसतील, त्यांचं कुठे काही बिघडत नाही. नंतर चणे वाटा, चहा द्या. एका पडवीत हे दोन्ही पार पडलेलं मी पाहिलं आहे, आणि ज्या घरांत पार पडलं तिथली माणसं पुढेही एकमेकांकडे जात राहिली.

शेजारच्या हिंदू घरांचंही एक येतं. भाद्रपदात म्हाळ होतो, कावळ्याला वाडी दाखवतात, आणि शेजारीण सहज विचारते, 'तुमच्यात काय करतात?' आपण ते विधी करत नाही, हे प्रेमाने सांगावं. त्या विधींना नावं ठेवू नयेत. आपल्याच चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजांनी ते केले असणार, आणि त्या पूर्वजांबद्दलही आपण देवाचे आभारच मानतो. आपल्या श्रद्धेत एवढा फरक आहे की गेलेला माणूस अतृप्त राहील, कोपेल, घरात विघ्न आणील, अशी भीती आपल्याला धरायची नाही. दर अडचणीला 'पपांचं काहीतरी राहिलं असेल' असं आई म्हणू लागली तर तिला हळूच सांगा की पपा देवाच्या हातात आहेत, आणि देवाचा हात पपांच्या हातासारखा नाही.

आता ग्रॅनाइट. भावाला सरळ विचारा, आपल्या कबरस्थानात कबर कायम राहणार आहे का? आपल्याकडच्या पुष्कळ चर्चमध्ये जागा थोडी आहे. काही वर्षांनी कबर पुन्हा उघडतात, अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि तिथे दुसऱ्याला पुरतात. असं असेल तर एवढा खर्च कशावर करायचा? मोनिकाची आठवण पुन्हा काढते. तिची फार इच्छा होती की गावी, आजच्या अल्जीरियातल्या तागास्तेला, नवऱ्याच्या शेजारी आपल्याला पुरावं. 387 मध्ये परतीच्या वाटेवर रोमजवळच्या ओस्तिया बंदरात ती आजारी पडली, वय छप्पन. ऑगस्टीनचा भाऊ गावी न्यायचं बोलू लागला तर ती म्हणाली, हा देह कुठेही पुरा, त्याची चिंता करू नका. एवढंच मागते की जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. ज्यांचा माणूस मस्कतला पुरला आहे, मुंबईला पुरला आहे, किंवा मासेमारीला गेला आणि समुद्राने परतच दिला नाही, त्यांना मी हे नेहमी सांगते. कबरस्थानाच्या मधल्या मोठ्या खुरसाखाली 2 नोव्हेंबरला मेणबत्त्या लागतात त्यांत अशा माणसांच्याही असतात.

पैसे घालू नका म्हणजे काही करू नका असं मात्र नाही. पावसाळ्यानंतर कबरस्थान कसं असतं तुम्हाला माहीत आहे. गवत कमरेपर्यंत, जांभ्याच्या चिऱ्यांवर काळं शेवाळ, खुरसाची पाटी वाचता येत नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही भावंडं स्वतः जा, मजूर लावू नका. कोयत्याने गवत कापा, नारळाच्या काथ्याने चिरे घासा, माती खचली असेल तिथे घाला, चुन्याचा हात द्या. दोन तास लागतात. त्या दोन तासांत भावंडं जे बोलतात ते एरवी वर्षभरात बोलत नाहीत. भावाला काहीतरी करून दाखवायचं आहे, त्याचा हात रिकामा ठेवू नका; त्याच्यासाठीही हे काम चांगलं आहे. शेजारची एखादी कबर कोणी न आलेली दिसली तर तीही साफ करा. मेणबत्ती लावताना करवंटी आडवी धरा, संध्याकाळचा वारा खाडीकडून येतो.

2 नोव्हेंबरचा हा दिवस फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाचा अधिपती ओदिलो याने 998 च्या सुमारास आपल्या मठांत सुरू केला, तिथून तो सगळीकडे गेला. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी 1915 मध्ये, पहिल्या महायुद्धात माणसं ढिगाने मरत होती तेव्हा, प्रत्येक धर्मगुरूला त्या दिवशी तीन मिस्सा करायची मुभा दिली. त्यांतली एक सर्व मृतांसाठी असते, ज्यांचं नाव घ्यायला कोणीच उरलं नाही अशांसाठीही. आपल्या बायबलमधल्या बेन सिराच्या ग्रंथात पूर्वजांची स्तुती सुरू होते तिथेच कबूल केलं आहे की काहींची आठवणच राहिली नाही, ते जणू जन्मलेच नव्हते.

म्हणून आईपाशी बसून नावं लिहून घ्या. पपांच्या बाजूचे, तिच्या माहेरचे, जन्मताच गेलेलं मूल असेल तर तेही. आजवर त्या मुलाचं नाव तिने कोणापाशी काढलं नसेल. पणजोबांच्या मागे नावं सापडत नसतील तर चर्चच्या ऑफिसात स्नानसंस्काराची जुनी पुस्तकं असतात, फादरांना विचारून पाहता येतील. प्रत्येक नावापुढे पौलासारखी एक गोष्ट लिहा. 'आजी, तिच्या हातची तांदळाची बोरं.' 'काका, मुंबईत सगळ्यांना जागा दिली.' पपांच्या नावापुढे काय लिहायचं ते आईला लिहू द्या, तुमचं तुम्ही वेगळं लिहा. हीच यादी नोव्हेंबरभर वेदीपाशी ठेवायला पाकिटात घालून देता येते.

आणि त्याच कागदाच्या दुसऱ्या बाजूला जिवंतांची नावं लिहा, आई सर्वांत वर. मिस्सेतल्या जुन्या रोमन प्रार्थनेत दोन जागा आहेत जिथे धर्मगुरू क्षणभर थांबतात. अर्पणाच्या शब्दांआधी जिवंतांची आठवण, नंतर विश्वासाची खूण घेऊन पुढे गेलेल्यांची. मधे येतो तो ख्रिस्ताचा देह. इतर प्रार्थनांतही दोघांचा उल्लेख येतो, फक्त थांबणं कमी असतं. त्या पहिल्या थांब्यात आईचं नाव घ्या आणि दुसऱ्यात पपांचं. पपांबद्दल काहीच वाटलं नाही तरी नाव घ्या. मी अनेकांना सांगितलं आहे की मनाने साथ दिली नाही तर तोंडाने सुरू करा. आपण कोणासमोर नाव घेतोय ते महत्त्वाचं, किती उमाळ्याने घेतोय ते नाही.

2 नोव्हेंबरची गाडी आता मिळणं कठीण आहे, तिकिटं फार आधी संपतात. मिळाली नाही तर महिन्यातल्या कुठल्याही रविवारी जा, नोव्हेंबर सगळाच मृतांचा महिना मानतात. पपांच्या वर्साच्या मिस्सेसाठी नाव मात्र आत्ताच चर्चमध्ये देऊन ठेवा आणि भावाच्या ग्रॅनाइटच्या पैशांतून पहिल्यांदा न्हाणीघरातली फरशी बदलून घ्या. ती गुळगुळीत आहे असं तुम्हीच लिहिलंय.